तुम्ही विचारलंत म्हणून: बूट मी स्वतःच का घासतो

बाजारात थोडक्या पैशांत पॉलिश करून मिळतं, गोव्यात बहुतेक दिवस चपलेवर भागतं, नोकरीही बरी आहे. मग रविवारी सकाळी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून बूट कशाला घासता? हे मला कार्यालयात विचारतात, नातेवाईक विचारतात, रोहिदास जयंतीच्या कार्यक्रमाला गेलो की तिथेही विचारतात. प्रश्न एकच, पण प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. आजवर मी "आवड आहे" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही.

आम्ही चर्मकार, हे विचारणाऱ्यांना माहीत असतंच. बाबा म्हापशाच्या बाजारात आरी-रापी घेऊन बसत. शिपायाची नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी सगळं सामान दुसऱ्या कारागिराला देऊन टाकलं. पोरांच्या हाताला चामड्याचा वास लागता कामा नये, एवढंच त्यांना हवं होतं. मी शिकलो, नोकरीला लागलो आणि पगार साठवून तळ शिवलेले बूट घेतले. आता माझ्याकडे तीन जोड आहेत, दोन तपकिरी, एक काळा.

तळ शिवलेलाच का, तेही सांगतो, कारण "एवढे पैसे बुटांवर?" हा प्रश्न लगेच पुढे येतो. शिवलेला तळ झिजला की उसवून नवा घालता येतो, वरचं चामडं तेच राहतं. उलट हलक्या, मऊ तळाचे कितीतरी बूट पॉलियुरेथेनचे असतात. ते न घालता कपाटात ठेवले तरी हवेतला ओलावा त्यांना आतून फोडत असतो. लग्नासाठी म्हणून जपलेला जोड काही वर्षांनी बाहेर काढावा आणि मांडवात पोचेपर्यंत टाचेचा भुगा व्हावा, हे आपल्या हवेत नेहमीचंच.

बुटाचं काम मला मनापासून आवडतं, हे आधी कबूल करतो. घोड्याच्या केसांच्या ब्रशने शिवणीतली धूळ काढायची. ओलसर फडक्याने घामाचे पांढरे डाग पुसायचे. मग क्रीम, कारण चामडं मऊ राहतं ते क्रीममुळे. नुसतं मेणाचं पॉलिश चढवत गेलं तर वर थर साचतो आणि आत चामडं कोरडंच राहतं. क्रीम मुरलं की ब्रश मारायचा, आणि मेण शेवटी. पुढच्या टोकाला आरशासारखी चकाकी हवी असेल तर जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांना घट्ट गुंडाळायचा, त्यावर नखभर मेण, पाण्याचा एक थेंब, आणि बोटं लहान लहान गोल फिरवायची. आधी होती तीही चमक जाते, सगळं धुरकट होतं. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. पुन्हा मेण, पुन्हा थेंब, दाब अगदी हलका. बऱ्याच वेळाने त्या काळ्यात खिडकीचे गज दिसू लागतात. ही चकाकी फक्त टोकाला आणि टाचेला द्यायची. पाऊल वाकतं तिथे मेणाचा जाड थर तडकतो.

आता ती पिशवी. ही गोष्ट मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

मे महिना होता, लग्नांचे दिवस. जेवणाच्या सुट्टीनंतर मी जागेवर आलो तर टेबलावर, फायलींच्या शेजारी, कापडाच्या दुकानाची एक पिशवी. आत काळे बूट. ज्यांनी ठेवली ते माझे वरिष्ठ नव्हते, बरोबरीचेच. रोज एकत्र चहा घेणारे. म्हणाले, "परवा भाच्याचं लग्न आहे रे. वेळ मिळाला की जरा हात फिरव. तुमच्या हाताला जमतं ते आम्हाला नाही जमत." एरवी ते मला "तू" म्हणतात. "तुमच्या" हे माझ्या एकट्याच्या हाताबद्दल नव्हतं. मी कुठल्या कोट्यातून लागलो हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. दोघे-तिघे हसले, वाईट हेतूने नसेल. एक बाई मात्र खाली बघून कागद चाळत राहिल्या. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं होतं, एवढं मला कळलं.

मी बूट बाहेर काढले, उजेडाला धरले. चामड्याचा वरचा थर घासून त्यावर प्लास्टिकसारखा लेप दिलेला होता. असल्या बुटात क्रीम मुरत नाही. तेच मी शांतपणे सांगितलं. ओल्या फडक्याने पुसा, पुरे, पॉलिशचा उपयोग नाही. पिशवी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेतोस होय?" मी म्हटलं, "नाही." पुढे संध्याकाळपर्यंत मी काय काम केलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हात पुन्हा पुन्हा धुतले.

त्या रात्री ब्रश, क्रीम, मेणाच्या डब्या, सगळं माळ्यावर टाकलं. जून आला, पाऊस लागला. चिऱ्याच्या भिंती ओल धरू लागल्या. कपाट बंदच होतं. गोव्याच्या पावसाळ्यात चामड्याला रोज नाही तरी अधूनमधून हवा लागते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे हवेत, ते ओलसर झाले की बदलायला हवेत. प्लास्टिकच्या पिशवीत तर बूट कधीच ठेवायचे नाहीत. सगळं माहीत असून मी हात लावला नाही. चवथीला कपडे काढायला आईने कपाट उघडलं आणि तिन्ही जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी. आई काही बोलली नाही. बाबा म्हणाले, "बरं झालं. टाकून दे आता."

मला राग आला तो त्या "बरं झालं"चा. बूट अंगणात नेऊन बुरशी ब्रशने झाडली, पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसून काढली, उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवले. उन्हाने चामडं तडकतं. वास जायला बरेच दिवस लागले. एका जोडाच्या आतल्या अस्तरावरचे डाग आजही आहेत.

बाबांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. माणसाला हीन ठरवणाऱ्या गोष्टी सोडल्याशिवाय मान मिळत नाही, हे बाबांनी तिथूनच घेतलं. जयंतीच्या कार्यक्रमात एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले होते, "साहेब, तुम्हीच ब्रश धरलात तर पोरांनी काय बघायचं?" त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण दुसरी बाजूही आहे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले, स्वतः केलेला जोड त्यांनी तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सना दिला. तो स्मट्सनी १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीनिमित्त परत पाठवला, आणि ती हकिकत आपण अभिमानाने सांगतो. माझ्या बाबांनी आयुष्याची कितीतरी वर्षं चपला शिवल्या, त्याची कोणी हकिकत केली नाही. त्याची फक्त जात झाली. काम तेच, टाका तोच. मग कमीपणा चामड्यात कसा असेल?

पंचविशीत मी हे छाती ठोकून म्हणत असे: काम उजेडात केलं, आवडीने केलं, की त्यावरचा डाग जातो. ती पिशवी टेबलावर आल्यापासून तसं म्हणवत नाही. मी बाल्कांवात बसतो ते बघणाऱ्यांपैकी कितीजणांना माझी आवड दिसते आणि कितीजणांना माझं आडनाव, हे माझ्या हातात नाही. तरी मी बसतो. ज्या कामाची मला लाज वाटत नाही ते दार लावून का करू? काही रविवारी हे पटतं. काही रविवारी बाबा "आत बस, रस्त्यावरून दिसतं" म्हणतात आणि मी मुकाट्याने आत जातो.

आता मुलगी दहा वर्षांची आहे. तिचे शाळेचे बूट रेक्झिनचे, त्यांना मेणाची गरज नाही, पण तिला माझ्या काळ्या बुटांवर गज उमटवून बघायचे असतात. बाबांचा सक्त विरोध आहे, आणि बायको या बाबतीत त्यांच्या बाजूने. तिचं म्हणणं, तुला एकदा पिशवी मिळाली, तिला का मिळावी? (पिशवीचं तिला अर्धंच ठाऊक आहे, तरी तिने नेमकं हेच विचारलं.) मुलीला शिकवावं की नाही यावर घरात एकमत झालेलं नाही. सध्या मी तिला शिकवतो आहे. क्रीम आणि मेण यांतला फरक तिला कळतो, दाब अजून जास्त पडतो.