विचारफुगा नसलेली कोठडी

मंगळवार, रात्री उशिरा

‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या कॉमिकमधला, ईव्ही या तरुणीच्या कैदेचा भाग पुन्हा काढला. अ‍ॅलन मूरचं लेखन, डेव्हिड लॉइडची चित्रं. १९८२ पासून ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकात कृष्णधवल. ते बंद पडल्यावर १९८८-८९ मध्ये डीसी या अमेरिकन प्रकाशनाने रंगीत १० अंकांत पुरं केलं.

विचारफुगे (पात्राच्या मनातलं दाखवणारे फुगे) आणि ‘धाड-खळ्ळ’ अशा आवाजांची अक्षरं काढून टाकू, ही सूचना लॉइडची. तिची खरी किंमत या कोठडीत कळते. ईव्हीचं मनोगत चौकटीतल्या मजकुराच्या पट्ट्यांमधून येतं, कोंडणाऱ्याच्या मनातलं मात्र अवाक्षर नाही. एखादा विचारफुगा असता, तरी हा तुरुंग तिला आसरा देणाऱ्या मुखवटाधारी बंडखोर व्हीनेच रचलाय हे तिथल्या तिथे फुटलं असतं. तिच्याइतकेच आपणही अंधारात राहतो.

छळाचा क्रमही बघण्यासारखा. आधी एकांत, उंदीर, चौकशी, केस भादरणं. माणूस पुरता मोडत आला की व्हॅलरी या दुसऱ्या कैदी स्त्रीचं टॉयलेट पेपरवर लिहिलेलं पत्र हाती लागतं, म्हणजे एवढाच काय तो ओलावा. सर्वांत शेवटी कबुलीजबाब: सही कर, नाहीतर गोळी. मारणं तर केव्हाही जमलं असतं. पण सही तिच्याच हातची लागते, आणि तिथेच ती नाही म्हणते.

मला खटकतं ते पुढचं. या सगळ्याला मुक्ती म्हटलं जातं आणि ईव्ही पुढे व्हीचाच मुखवटा चढवते. मूरने प्रश्न उघडा ठेवलाय, असं चाहते म्हणतात. असेल, पण पारडं व्हीकडेच झुकलेलं आहे.

त्या मानाने ‘एलियस’ हे कॉमिक जास्त प्रामाणिक. ब्रायन मायकल बेंडिस आणि मायकल गेडॉस, मार्व्हलची प्रौढांसाठीची मॅक्स मालिका, २००१ पासून २८ अंक. दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवणारा खलनायक किलग्रेव्ह नायिका जेसिकाला आठ महिने कह्यात ठेवतो. तो नुसतं ‘कर’ म्हणत नाही, तिला ते हवंसं वाटायला लावतो. आपली इच्छा कुठली आणि त्याची कुठली, हे तिला आतून ओळखताच येत नाही. गेडॉसची पानं काळपट, एकच चेहरा चौकटीमागून चौकटीत तसाच. भूतकाळ मात्र मार्क बॅगलीच्या चकचकीत सुपरहिरो शैलीत. ज्या शैलीत लहानपणी सगळं सुरक्षित वाटायचं, तिच्यातच हे घडताना बघावं लागतं. अत्याचार पानावर जवळजवळ दिसत नाही. जेसिका तो तिच्या ओळखीच्या ल्यूक केज या सुपरहिरोला सांगते, आणि आपण तिचं तोंड बघत राहतो.

अशा कॉमिक्सच्या नकला फसतात त्या इथे. चित्रकार पीडितेला मादक पोझमध्ये काढतो, कॅमेरा छळणाऱ्याच्या खांद्यामागे लावतो, वर त्याच्या दुःखी बालपणाची चार पानं जोडतो. मग वाचक नकळत त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतो.