‘वेळ नाही’ ही सबब आहे का?

‘वेळ नाही ही सबब आहे. रोज एक तास काढता येत नसेल, तर तुम्ही आळशी आहात.’ असं कुणी ऑनलाइन लिहिलं की खाली लगेच दोन तट पडतात. अशा वादांत मी मनापासून उतरते. कामाचे तास, व्यायाम, घरकामाची वाटणी हे माझे विषय. समोरचा कोण, काय करतो, काहीच ठाऊक नसतं, आणि तरी आपण त्याच्या रोजच्या जगण्यावर बोलत असतो. म्हणून मला हे वाद क्षुल्लक वाटत नाहीत.

वरच्या वाक्यावरून झालेली चर्चा सविस्तर सांगते, कारण माझी वाद घालायची पद्धत तिच्यात पक्की झाली.

लिहिणाऱ्याचा सूर चढा होता, पण मुद्दे नेमके होते. दिवसाला १०,००० पावलं व्हायलाच हवीत, आणि दहा मिनिटांपेक्षा कमी चाललात तर ते व्यायामात धरायचं नाही. आकडा आला की तो आला कुठून हे मी आधी शोधते, उत्तर नंतर लिहिते. १०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला, कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून नव्हे. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचा धोका पावलांबरोबर कमी होत गेला आणि साधारण ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडेनासा झाला. पण तो वयस्कर स्त्रियांचा अभ्यास. तो दाखवून तरुणांना ‘७,५०० पुरे’ असं सांगणं मला पटत नाही, म्हणून ती मर्यादाही मी सोबत लिहिली. अशी मर्यादा स्वतःहून सांगितली की समोरचा उरलेलं नीट वाचतो, असा माझा अनुभव आहे. दहा मिनिटांची अट मात्र खरोखरच होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत ती होती, २०२० मध्ये काढून टाकली. आता प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगतात, आणि थोडी थोडी केलेलीही त्यात धरतात.

हे सगळं त्याच्या अंगावर फेकण्याआधी मी त्याचंच म्हणणं माझ्या शब्दांत लिहिलं: ‘लोक मोबाइलवर तासन्‌तास घालवतात आणि मग शरीरासाठी वेळ नाही म्हणतात, याचा तुम्हाला राग येतो. बरोबर ना?’ त्याचं उत्तर आलं, ‘ताई, नेमकं हेच.’ सूर तिथेच उतरला. मग आकडे दिले. ते त्याने मान्य केले आणि म्हणाला, ‘मग तर आणखी सोपं झालं. आठवड्याला दीडशे मिनिटं कुणालाही जमतील.’

‘कुणालाही’वर वाद अडला. एकाने लिहिलं, ‘दादा, मी गोदामात रात्रपाळीला सामान उचलतो. माझी पावलं तुमच्यापेक्षा जास्त भरतील. मला आणखी व्यायाम सांगू नका.’ लगेच काहींनी त्याला टाळ्या दिल्या, काहींनी सल्ले. मी त्याला विचारलं, पाळीत बसायला कधी मिळतं? त्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. सामानाचा पट्टा थांबला तरच बसायचं, आणि तो कधी थांबेल हे कुणालाच माहीत नसतं. कधी पाळीच्या सुरुवातीलाच थांबतो, दमलेलं नसतानाच. पाठ भरून येते तेव्हा तो चालूच असतो.

त्याच्या उत्तरामुळे चर्चा पुढे सरकली. कामातली मेहनत आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचा शरीरावर सारखाच परिणाम होत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. तेच वजन तासन्‌तास उचलत राहणं आणि सावरायला वेळ न मिळणं, ही कारणं त्यासाठी सांगितली जातात. म्हणजे पावलं भरपूर, पण थांबणं त्याच्या हातात नाही. हे लिहिल्यावर इतर लोकही आपापली पाळी, आपापला दिवस सांगू लागले. एकीने लिहिलं की नोकरी संपली की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं तिच्याकडे असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालातला आकडा मी तिथे दिला: बिनपगारी सेवाशुश्रूषा आणि घरकाम यांत जगभरात स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. ‘वेळ काढा’ म्हणताना तो कुणाच्या वाटणीतून निघणार, हे या आकड्यातून कळतं.

शिवीगाळ करणारेही आले. त्यांना मी उत्तर देत नाही. मुद्दा सोडून माणसावर घसरलेल्याशी बोलायला माझ्याकडे काही नसतं. सभ्य माणसाशीही चार-पाच उत्तरांनंतर मी थांबते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ऑनलाइन वादांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही फेऱ्या फार लांबल्या की मत बदलण्याची शक्यता मावळते असं दिसलं होतं. शिवाय मी लिहिते ते एकट्या समोरच्यासाठी नसतं. काही न बोलता वाचणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यात रात्रपाळीवालेही असतात.

मूळ लिहिणाऱ्याने शेवटी ‘आळशी’ शब्द मागे घेतला. पण त्याने विचारलं, ‘ज्यांना खरंच वेळ आहे आणि तरी जे हलत नाहीत, त्यांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. त्या लोकांबाबत मी त्याच्याच बाजूची आहे, आणि तसं लिहिलंही.

गोदामातल्या भावाने विचारलं, मग मी करू काय? पाठ सारखी दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, इतकंच मी सांगू शकत होते. बसायची वेळ ठरलेली असावी, ही मागणी त्याने स्वतःच पुढे लिहिली. ती परवडते की नाही यावर आता नवा वाद चालू आहे. पाळ्या लावणारे दोघेजण त्यात उतरले आहेत. पट्टा मध्येच थांबवला तर किती माल अडतो, हे मी त्यांना विचारलं आहे.