पॉवरबँक

परवा दुपारी भाचीचा फोन, "मामा, तुझी ती मोठी पॉवरबँक दोन दिवस देशील? फेस्टिवलला चाललोय सगळे." दिली. केबलसकट दिली. पण तू येतोस का असं काही विचारलं नाही तिने, आणि तेव्हापासून डोकं तिथेच अडकलंय.

म्हणजे मी गेलो नसतोच, तिलाही माहितीये. गुडघा, पार्किंगपासूनची धुळीतली पायपीट, रात्री परत यायला कॅब मिळत नाही ते वेगळंच. 2010 ला पहिल्या एनएच7 वीकेंडर म्युझिक फेस्टिवलला याच पुण्यात दुपारपासून उभे असायचो आणि पाय दुखतात हे लक्षातही यायचं नाही. आता सवाईलासुद्धा भारतीय बैठक सोडून खुर्चीचं तिकीट काढतो. ते असो. पण विचारायचं तरी, मी नाही म्हणालो असतो, विषय संपला असता.

रात्री हेडफोन लावून डेक्स्ड उघडलं, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, सिंथ. तसलंच सिरम दिसायला देखणं, व्हायटलची साधी आवृत्ती तर फुकट, पण दोन्हीत वेव्हटेबल, म्हणजे लहरींचे तयार संच, फिरवत बसलं की काम केल्याचा नुसता भास होतो (निदान मला). माझा जीव एफएममध्येच, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवण्यात. 1983 चा यामाहा डीएक्स7 सिंथ, त्याचीच डेक्स्ड ही फुकटातली नक्कल, 6 ऑपरेटर (लहरी काढणारे), 32 अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या), आणि कुठला आकडा हलवला की काय होईल याचा अंदाज इतक्या वर्षांनीही येत नाही. देवघरातली घंटी करायची होती. दोन लहरींच्या वारंवारतेचा रेशो पूर्णांकात ठेवला की आवाज सरळमार्गी, सुरेल येतो, 3.50 वर नेला की पितळ बोलायला लागतं. मग मॉड्युलेटर (हलवणारी लहर) कॅरियरच्या (ऐकू येणाऱ्या लहरीच्या) आधी विझेल असं करायचं, म्हणजे आधी ठण्णकन आणि मागे नुसती गुंज. दोन तास गेले. स्पीकरवर लावलं तर आतून आई, "अरे, या वेळेला कोण आरती करतंय?"

खरं सांगतो, कुठल्याच स्टेजसमोर इतकं भारी वाटलं नव्हतं.

आणि पाच मिनिटांत परत तेच, विचारायचं तरी ना.

अकराला तिचा व्हिडिओ आला. फोनच्या माईकवर बास नुसता फाटत होता, स्टेज नखाएवढं. मी "मस्त!!" लिहिलं आणि घंटीची क्लिप पाठवून दिली. निळी टिक, उत्तर नाही. बरोबरच आहे म्हणा, 2010 ला तिथे उभं असताना माझ्या मामाने काही पाठवलं असतं तर मी तरी कुठे बघणार होतो.

आज पॉवरबँक परत आली, धुळीने माखलेली, ठणठणीत रिकामी. केबलचं विचारलं तर म्हणे, कुठली केबल?