कट आमचा, पाव तुमचा : कोल्हापूरच्या मिसळीची वाटचाल

मिसळ घेऊन कोल्हापूरच्या बाहेर पडलं की पहिला वाद पावावरून होतो, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड. पुण्यात स्लाइस ठेवला की एखादं गिऱ्हाईक विचारतं, "पाव संपले का?" नाशिककराला दही आणि पापड हवा. पुण्यातल्या जुन्या माणसाला मिसळीत पोहे दिसले नाहीत तर तो दोनदा ताटात बघतो. म्हणून फ्रँचायझी द्यायला लागलो तेव्हाच ठरवलं, पाव ज्याचा त्याने बघावा, कट, म्हणजे मिसळीवर ओततात तो झणझणीत रस्सा, आमचाच राहील.

आणि कट म्हणजे शेवटी मिरची. रंगाला ब्याडगी मिरची, चवीला संकेश्वरी. संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून यायची. वडील पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मिरची वर काढायचे, देठ मोडून बोटांत चुरायचे आणि मग भाव बोलायचे. फेब्रुवारी ते मे वर्षभराची खरेदी, नंतर घेतली तर ओल लागलेली मिळते. मसाला आम्ही आजही डंकावर कुटतो. पल्व्हरायझर विकणारे दर वर्षी येतात, चहा पिऊन जातात. त्या यंत्रात वेग आहे, पण मसाला तापतो आणि वास तिथेच उडून जातो.

दुसरी वस्तू ओगराळं. शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमधून सगळ्या शाखांसाठी एकाच मापाची ओगराळी करून घेतली. जाड पत्रा, आखूड दांडा, कडेला आत वळवलेली बारीक किनार, म्हणजे तर्री सांडत नाही. कुठल्याही शाखेत गेलो की मी आधी ओगराळं बघतो. दुसरंच कुठलं तरी दिसलं की समजायचं, इथं आणखी बरंच काही बदललंय.

बाहेरची पहिली शाखा कराडची, २०११ साली. ती घेणाऱ्या अण्णांचं तिथं एसटी स्टँडजवळ कोल्ड्रिंकचं दुकान होतं. अंबाबाईच्या दर्शनाला आले की आमच्याकडे मिसळ ठरलेली. एकदा गल्ल्यापाशी येऊन म्हणाले, "मालक, हे कराडला द्या. मी स्वतः बसतो." फ्रँचायझी हा शब्द तेव्हा आम्हा दोघांच्याही तोंडात नव्हता. स्टॅम्प पेपरवर चार कलमं लिहिली. अण्णांचं एकच म्हणणं होतं, पैसे मसाल्यात काय ते घ्या, दर महिन्याला हिशोब मागू नका. ती पद्धत आम्ही अजून चालवतो. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरायचा मोबदला, लावली तर त्यावर १८ टक्के जीएसटी. हॉटेलवाला ५ टक्क्यांत बसतो, त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, नाही, म्हणजे तो भुर्दंड त्याच्याच खिशातून. वर आम्ही पैसे उपसतोय अशी त्याची समजूत होते ती वेगळीच.

पुढची वर्षं बरी गेली. सातारा, पुणे, नाशिक, सोलापूर झालं.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती केव्हाच मागे पडली होती. शाहूपुरीत आमच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा वर्षाची मिरची आत होती. भिजलेली मिरची वाळवून चालत नाही, आतून बुरशी धरते. सगळी फेकली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, पोत्याला नाक लावलं आणि लिहून गेला की ओल आधीपासूनची असावी. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर त्याच्या डोक्याच्या वर होती! शिरोलीजवळ हायवे बंद, तयार मसाल्याचे डबे वरच्या माळ्यावर शाबूत, पण न्यायचे कसे? अण्णांकडे महिन्याभराचा जादा साठा असायचा, ती त्यांची सवय. त्यांनी तो निम्मा केला आणि स्वतः गाडी घेऊन साताऱ्याला, पुण्याला पोचवला. बिल मागितलं तर म्हणाले, पाणी उतरू दे.

त्याच आठवड्यात पुण्यातल्या आमच्या एका फ्रँचायझीवाल्याला शोध लागला की बाजारातला मसाला टाकला तरी गिऱ्हाईक येतं. अण्णांनी पाठवलेले डबे त्याने घेतलेच नाहीत. हायवे सुरू झाल्यावरही त्याची ऑर्डर निम्म्यावर. दिवाळीनंतर करार संपला आणि दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. तीच जागा, तोच पिवळा-लाल रंग, आमच्या भटारखान्यात शिकून गेलेली तीच पोरं, वर 'अस्सल कोल्हापुरी'. कोल्हापुरात हा माणूस मिसळ खायला येई, एवढाच त्याचा कोल्हापूरशी संबंध.

वकिलाकडे गेलो. फ्रँचायझीसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. करार संपल्यावर तोच धंदा करू नये असं आम्ही लिहून घेतलं होतं, पण धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द ठरवणारं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ पुढं आलं की ते टिकत नाही. ट्रेडमार्क आहे, हॉटेलसाठी ४३ आणि मसाल्यासाठी ३० या वर्गात. पण त्याने आमचं नाव उतरवलंच होतं, आणि 'कोल्हापुरी' कुणाच्या एकट्याच्या बापाचं नाही. आता तोच पेपरात जाहिरात देऊन फ्रँचायझी वाटतो. 'परंपरेची चव' म्हणे.

पाठोपाठ मार्चमध्ये लॉकडाऊन आला, त्यात सोलापूर गेलं. ते सगळ्यांचंच झालं, त्याचं रडगाणं नको.

नवी पोरं सल्ला विचारत नाहीत, तरी सांगतो. जागेचा लिव्ह अँड लायसन्स शक्यतो आपल्या नावावर करा, आणि रजिस्टर करा. जागा त्याची असली की पाटी एका रात्रीत उतरते. गल्ल्यावर कोण बसणार हे विचारा. व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, पैसे गुंतवायचे म्हणून येणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. कॅमेऱ्यांवर पैसे घालवू नका, मसाल्याची उचल बघा. टेबलं भरलेली आणि डबे कमी जातायत, म्हणजे बाहेरचा मसाला आला.

अण्णांचा मुलगा आता कराड बघतो. अण्णा सकाळी येऊन कट चाखतात, मीठ कमी म्हणतात आणि जातात. बार्शीला नवीन शाखेचं चाललंय. माणूस चांगला आहे, स्वतः बसणारा आहे. जागामालक डिपॉझिट जास्त सांगतोय, परत येत्या आठवड्यात जाऊन बसायचंय.