आमची वाटचाल : लग्नपत्रिका आणि संवाद तक्ते

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना आहे. वडिलांच्या काळात ट्रेडल होती, मग ऑफसेट आली, आता डिजिटल मशीन, लॅमिनेटर आणि वायरो बाइंडिंग. लग्नपत्रिका, आडत दुकानांची पावतीपुस्तकं, शिकवणी वर्गांची हँडबिलं यांवर घर चाललं आणि बरंचसं अजूनही त्यावरच चालतं. आमच्या दुसऱ्या कामाचं कौतुक करायला येणारी मंडळी हे विसरतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

दुसरं काम म्हणजे संवाद तक्ते, चित्रं आणि शब्द छापलेले. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, किंवा बोललेलं समोरच्याला उमगत नाही, ते चित्रावर नाहीतर शब्दावर बोट, मूठ किंवा नुसती नजर ठेवून बोलतात. मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेली लेकरं, स्वमग्न लेकरं, अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेले, असे सगळे यात येतात. याला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. थेरपिस्टांच्या तोंडी एएसी. कोरोनाच्या आधी एक स्पीच थेरपिस्ट ताई हाताने चिकटवलेला तक्ता लॅमिनेशनला घेऊन आल्या, तिथून हे सुरू झालं.

छपाईवाल्याच्या नजरेने पाहिलं तर काम किरकोळ वाटतं. तसं ते नाही. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसतच नाही, म्हणून मॅट. लेकरं तक्ता तोंडात घालतात, लाळ कडेने आत शिरते, म्हणून कागदाच्या चारही बाजूंना सीलची पट्टी सोडायची आणि कोपरे कॉर्नर कटरने गोल करायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत स्वस्त पाउचच्या कडा सुटतात. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यासाठी न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावर छापतो आणि आयलेट मारून नाडा घालतो. कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या दाराला टांगलेला तक्ता पाण्याने धुऊन पुसला तरी टिकतो.

खरं अडलं ते चित्रांवर. स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा आरासाक हा चित्रसंच हजारो चित्रांचा आहे, फुकट आहे आणि उत्तम आहे. पण त्याच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे. घरी छापून आपल्या लेकराला द्या, चालतं. आम्ही विकू शकत नाही. येणाऱ्याला आम्ही हे सरळ सांगतो. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. आमच्या तक्त्यांना मलबेरी हा संच चालतो, कारण श्रेय देऊन आणि त्याच परवान्याने पुढे देऊन तो विकता येतो. पण असल्या परदेशी संचात भाकरी, चुरमुऱ्यांचा सुशीला, घागर, टमटम कुठून असणार? निवृत्त झालेले एक ड्रॉइंगचे गुरुजी ती चित्रं काढून देतात. वेळा अमावस्येचं पान त्यांनी असं काढलंय की पाहणाऱ्याला भूक लागावी: शेतातली कोप, भज्जी, उंडे, आंबील आणि डोक्यावर पाटी घेतलेली आजी.

या धंद्यातली मोठी गोम मात्र वेगळी आहे. पैसे देणारा एक आणि तक्ता वापरणारा दुसरा. पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलं तर नवरदेव दुकानात येऊन भांडतो. तक्ता चुकला तर ज्याचा तो आहे, त्याला भांडायला शब्दच नसतात.

पैसे देणाऱ्याची यादी जवळपास ठरलेली असते: पाणी, जेवण, शी, शू, औषध, झोप. म्हणजे सांभाळणाऱ्याला जे ऐकायला सोयीचं, तेवढंच. अर्धांगवायू झालेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने अशीच यादी दिली. म्हातारबुवांना समजत सगळं होतं, बोलणं तेवढं फुटत नव्हतं. ताईंनी नमुन्याची पानं एकेक करून पुढे धरली. बाजाराचं पान आल्यावर ते त्यावरून हात उचलेनात. सोयाबीनचा भाव, तूर, आडत, पट्टी, वजन, ‘फसवलंस’, असं पान मग बसून तयार केलं. मुलगा म्हणाला, “आता अण्णा पुन्हा आडत्याशी भांडणार.” भांडोत की.

म्हणून काही शब्द आम्ही कुणाच्याही सांगण्यावरून काढत नाही. ‘नको’, ‘थांब’, ‘तुझं चुकलं’, ‘मला वेगळंच सांगायचंय’. मुली वयात आल्या की पाळीचे शब्द, शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आणि ‘मला हात लावला’. या पानाला आया लाजतात, बाप उठून बाहेर जातात. एक काका मला म्हणाले, “मालक, एवढं कशाला, ती तर घरातच असते.” घरातच असते, म्हणून तर. ते पान मागच्या बाजूला लावतो, पण लावतो.

दुसरी भीती सगळ्यांनाच असते: “तक्ता दिला तर लेकरू बोलायचं थांबंल का ओ?” अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलेलं दिसतं. हे आमच्या तोंडून पटत नाही, ताईंच्या तोंडून पटतं. म्हणून त्या असतात त्याच दिवशी नवीन लोकांना बोलावतो. घरातली निदान दोन माणसं यावीत, असा आग्रह असतो. नुसता तक्ता पार्सलने मागणाऱ्याला नाही म्हणतो, कारण तो भिंतीवर जातो. घरच्यांनी स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवायचं असतं. ‘आपण शेतात जाऊ’ म्हणताना ‘आपण’, ‘शेत’, ‘जा’ दाखवायचं, मग थांबायचं. हे थांबणंच आपल्या लोकांना जड जातं. लेकराचा हात उचलायच्या आत मावशी, काकू, शेजारीण, तिघी मिळून उत्तर देऊन मोकळ्या होतात.

ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी ॲक्रिलिकची चौकट करतो. ट्रॉफीवाल्याकडून लेझरने मधोमध खिडकी कापून घेतो आणि चित्रं कडेने लावतो. समोरचा त्या खिडकीतून डोळे बघतो आणि नजर कुठे गेली ते ओळखतो. मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्र दाबलं की शब्द बोलणारं ॲप मराठीत आहे आणि फुकट आहे. ते फोनमध्ये घालून देण्याचे पैसे घेत नाही. कागदाला आवाज नाही. ॲपने दुसऱ्या खोलीतल्या आईला हाक मारता येते, हा फरक मोठा आहे. पण घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी परत येतो तो चार्जिंग संपून. त्यामुळे दोन्ही हवं. शाळेतल्या हजेरीसाठी आवाज भरायचं एकच बटण पुरतं. भावाच्या आवाजात ‘हजर बाई’ भरलेलं बटण एक मुलगा इतक्या जोरात दाबतो की बाईंनी खाली स्पंज लावून मागितला.

एका कार्यालयाकडून मोठी ऑर्डर आली होती. सगळे तक्ते एकसारखे, दर सगळ्यांत कमी, आणि वर योजनेचं नाव व साहेबांचा फोटो. त्या फोटोत चित्रांची पूर्ण एक ओळ गेली असती. आम्ही दर भरलाच नाही. घरात यावरून दोन दिवस वाद झाला. बायकोचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, हेही लिहून ठेवतो. शाळा वर्गात तक्ता वापरू द्यायला आढेवेढे घेतात तेव्हा मात्र आमच्याकडे एक कागद तयार असतो: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्यातल्या ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धतींचा थेट उल्लेख आहे. त्या ओळीखाली लाल रेघ मारून प्रत देतो. झेरॉक्सचा खर्च आमचा.

हिशेबाचं म्हणाल तर तक्त्याच्या छपाईला फार लागत नाही, वेळ फार लागतो. यादी करायला बसणं, पुन्हा बोलावणं, शब्द वाढले की पान बदलणं. त्याचा दर काय लावावा हे अजून जमलेलं नाही. ज्यांना झेपतं त्यांच्याकडून पूर्ण घेतो, बाकीचं लग्नसराई भरून काढते. आत्ता मशीनवर पत्रिकाच आहेत. गुरुजींकडे ट्रॅक्टरचं चित्र तिसऱ्यांदा परत गेलंय, कारण औशाकडचा एक पोरगा ते दाखवलं की दरवेळी ‘चुकलं’वर बोट ठेवतो. त्यांचा ट्रॅक्टर निळा आहे म्हणे.