ई-टाइप घ्यावी की १९० एसएल?

गेल्या आठवड्यात पार्ल्याचा मावसभाऊ माझगावला गॅरेजवर आला. जॅग्वार ई-टाइप की मर्सिडीज १९० एसएल, या दोन जुन्या गाड्यांपैकी कुठली घ्यावी यात त्याचं डोकं अडकलंय. "दादा, एवढे पैसे आयुष्यात एकदाच घालणार. तू म्हणशील ती घेतो."

नुसतं धावणं बघितलं तर बरोबरीच नाही. ई-टाइप १९६१ साली जिनिव्हात लोकांसमोर आली, ३.८ लिटर, सहा सिलिंडर, २६५ हॉर्सपॉवर घेऊन. १९० एसएल १९५५ ते १९६३ मधली, १.९ लिटर, चार सिलिंडर, १०५ हॉर्सपॉवर. जॅग्वार झेप घेते, मर्सिडीज डौलात निघते.

पण गाडी मुंबईत राहणार, खाऱ्या हवेत. ई-टाइपला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही; दारांखालची सिल हीच तिची हाडं. माझ्याकडे आलेल्या एका ई-टाइपची सिल कुणीतरी पुट्टीने भरून वर झकास रंग मारला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर थेट आत गेलं. गंजाचा चुरा तळहातावर घेऊन मालक बराच वेळ उभे होते. तेव्हापासून मी फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक खिशात ठेवतो. सिलवरून फिरवायचा, पकड सुटली की तिथे पुट्टी आहे समजायचं.

मर्सिडीजवर हीच परीक्षा काही ठिकाणी उलटी लागते. तिच्या दारांचा पत्रा, बॉनेट, डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. तिथे लोहचुंबक चिकटला, तर पत्रा मूळचा नाही. बाकी बॉडी लोखंडीच आहे, त्यामुळे खाली वाकून बघणं काही चुकत नाही.

मर्सिडीजचं खरं दुखणं तिचे दोन सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग. उष्णतेने वाकतात, सांध्यातून हवा खेचतात आणि सिग्नलला गाडी आचके द्यायला लागते. वैतागून लोक वेबर कंपनीचे कार्बोरेटर बसवतात. मी त्यांना दोष देत नाही, पण काढलेले सोलेक्स जपलेले असतील तर तो डबा गाडीबरोबर मागून घ्यायचाच. जॅग्वारचे तीन एसयू कार्बोरेटर मात्र मला मनापासून आवडतात. वरचा डॅम्पर (पिस्टनची हालचाल संथ करणारा दांडा) काढायचा, कार्बोरेटरमधला पिस्टन वर उचलून सोडायचा, 'ठक्' असा स्वच्छ आवाज आला की ठीक. मग डॅशपॉटमध्ये, म्हणजे डॅम्पर बसतो त्या नळीत, थोडं तेल. वडिलांनी मला कार्बोरेटर शिकवला तो याच आवाजावरून.

ई-टाइपचे मागचे ब्रेक तापदायक आहेत. डिस्क चाकाशी नाहीत, आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला, लागून आहेत. तिथली उष्णता ऑइल सील खाते, आणि डिस्क बदलायची तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. दोन माणसांचं काम आहे ते.

एवढं सांगूनही मी त्याला ई-टाइपच घे म्हटलं. इंजिन धरणारी पुढची फ्रेम बोल्ट काढून सुटी करता येते, पत्रे आजही नवीन बनून मिळतात, त्यामुळे गंजलेली गाडीसुद्धा नीट उभी राहते. फक्त ४.२ लिटरची बघ म्हटलं, १९६४ नंतरची. ३.८ च्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर खरखर न होता पडू देणारी सोय, नाही. पेडर रोडच्या चढावर रांगत्या ट्रॅफिकमध्ये हात आणि गिअरबॉक्स दोन्ही रडतात.

रविवारी सकाळी सातला एक बघायला जायचंय. गाडीखाली आडवं व्हावं लागेल, म्हणून जुनी पँट घालून यायला सांगितलंय त्याला.