आरामाची सहल

"आई-बाबांना ते नाही झेपणार." हे रोहनने मला नाही, जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. मी शेजारीच उभी होते. एवढंच झालं, पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

जहाजाच्या पत्रकात प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं चित्र असतं. एक माणूस म्हणजे सोपं, तीन म्हणजे दमछाक. आमच्या वाट्याला एका माणसाची सहल आली: एसी बस, मलेशियातल्या पेनांगचं धावतं दर्शन आणि केक लोक सी मंदिर. रोहन, सून मुक्ता आणि नातू चिनू, ते तिघं टॅक्सी करून पेनांग हिलला. हिल म्हणजे चढ आलाच, असा हिशेब. मला विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, तुम्ही जा बाबांनो. पण विचारायचं तरी! दिवाळीतही असंच... जाऊ दे.

जॉर्जटाउन, म्हणजे पेनांगचं मुख्य शहर, काचेतून पाहिलं. जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतं, अगदी गावाला खेटून. लिटल इंडिया, म्हणजे तिथली भारतीय वस्ती, तिथून चालत जाण्यासारखं आहे. आमची बस मात्र तिथून नुसतीच पुढे गेली. एका दुकानाबाहेर मोगऱ्यासारख्या फुलांच्या माळा टांगलेल्या दिसल्या, तेवढ्याच.

आणि मंदिरापाशी बस खालीच थांबली. पुढे पायऱ्याच पायऱ्या, दोन्ही बाजूंना टीशर्ट आणि फ्रिजवर लावायच्या चुंबकांची दुकानं. वर पत्रे, खाली उकाडा. यांनी कासवांच्या तळ्याशी बसकण मारली, पालेभाजीची जुडी विकत घेतली आणि कासवांना एकेक काडी भरवत बसले. घरी भाजी निवडायला हात लावत नाहीत. मी मात्र हट्टाने त्या सात मजली पागोड्यापर्यंत गेले. 1930 साली पुरा झालेला. खालचा भाग चिनी, मधला थाई, कळस बर्मी. तिघांचं एकमेकांवर बरं चाललंय. पायऱ्या मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या.

जहाजावर परतायची वेळ साडेपाचची. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःच्या स्वतः गेलेल्यांसाठी नाही. पाच वाजून गेले, त्या तिघांचा पत्ता नाही, फोन लागेना. सकाळपासून जपलेला राग कुठल्या कुठे गेला, पोटात गोळाच आला. पाच पंचवीसला तिघं धक्क्यावरून धावत येताना दिसले. मुक्ताच्या हातात चपला, रोहनच्या खांद्यावर चिनू. मला हसूच फुटलं. ज्यांना झेपतं त्यांची ही कथा!

जेवताना चिनू म्हणाला, "आजी, चढायचं नव्हतंच मुळी. आम्ही ट्रेनमध्ये बसून वर गेलो." त्या डोंगरावर 1923 पासून रेल्वे आहे, दोराने वर ओढली जाणारी. रोहनने सूपमध्ये डोकं घातलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. ते कधी बोलतात?

उद्या फुकेत. स्पीडबोटीने फी फी बेटांवर जायचं चाललंय. पाठीचं दुखणं असेल तर येऊ नका, असं पत्रकात स्वच्छ लिहिलंय, आणि माझी पाठ मला ठाऊक आहे. मी जाणार नाहीच. पण ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. नाश्त्यापर्यंत वाट बघते, विचारतात का.